माझ्या मागून म्हणा

बावीस वर्षं मी पुढे म्हणते आहे आणि गावातली पोरं माझ्या मागून म्हणताहेत. अंगणवाडीच्या बाईचं कामच ते. त्यामुळे पन्नाशीला टेकल्यावर स्वतः सतरंजीवर मांडी घालून दुसऱ्याच्या मागून म्हणायची वेळ आली, तेव्हा मला ते मुळीच आवडलं नाही. पहिले दोन रविवार मी तोंडातल्या तोंडात पुटपुटले. तिसऱ्या रविवारी सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ओठ हलून राह्यले, आवाज नाई येऊन राह्यला. तुमच्या अंगणवाडीत चालते का असं?"

चालत नाही. मीच कधी चालू दिलं नव्हतं. म्हणून मी खालमानेनं आवाज काढला.

ही वेळ माझ्यावर आणली ती माझ्या दोन शब्दांनी. झालं असं की माझी मुलगी नर्सिंग करून इंग्लंडात नोकरीला गेली. तिकडे समुद्राजवळच्या एका लहान गावात एका एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरी तिनं वरच्या मजल्यावरची खोली घेतली. वर्ध्याजवळच्या आमच्या आंजीहून निघालेली पोरगी थेट तिथे जाऊन पोचली याचं गावाला कौतुक, मला धास्ती. नोव्हेंबरात एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना ती घरमालकीण मुलीच्या मागे येऊन उभी राहिली. पांढरे केस, अंगात मरून रंगाचा बटणांचा स्वेटर. माझ्याकडे बघून हसली आणि एक लांबलचक वाक्य बोलली. वाक्याचा शेवट वर गेला, म्हणजे तो प्रश्न होता एवढं मला कळलं. आता पाहुण्यानं काही विचारलं तर नाही म्हणायची आपल्यात रीत नाही. मी हात जोडले आणि म्हणाले, "यस, यस."

तीन दिवसांनी मुलगी कानटोपी घालून फोनवर आली.

"आई, त्या बाईनं तुले काय इचारलं होतं, माहीत आहे का?"

"काय इचारलं?"

"रात्रीचा हीटर टर्न डाउन करत जाऊ का, तुमच्या पोरीले चालन का, असं इचारलं. तू यस यस म्हनलं. आता मी दोन स्वेटर घालून झोपून राह्यली."

"मंग तूच सांग ना तिले, नाई चालत म्हनून."

"तुह्या शब्दाबाहेर कशी जाऊ?" असं म्हणून ती हसली. तिला गंमत वाटत होती. माझा मात्र त्या दिवशी स्वयंपाकात जीव लागला नाही. मी दहावी पास आहे. टर्न म्हणजे वळणे हे मला येतं, डाउन म्हणजे खाली हेही येतं. पण दोन्ही शब्द जवळजवळ बसले की हीटर कमी होतो आणि माझी पोरगी थंडीनं कुडकुडते, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी सरांना हे सांगितलं. सर म्हणजे वर्ध्याच्या कोर्टात जन्मभर टायपिंग केलेले आमच्या वस्तीतले निवृत्त गृहस्थ. शिक्षक ते कधीच नव्हते, पण सगळे त्यांना सरच म्हणतात. ऐकून ते म्हणाले, "इंग्रज घरात शेपटीनं बोलते. मोठे शब्द कोर्टात. घरात सगळे लहान लहान शब्द, अन् त्याच्या मागं एक शेपटी. अप, डाउन, ऑन, ऑफ. शेपटी बदलली का जनावर बदललं."

पुढच्या रविवारी ते फुलस्केप कागदावर ऐंशी शेपटीचे शब्द लिहून घेऊन आले. सुंदर टपोरं अक्षर. त्यात एक माणूस सकाळी जागा होऊन रात्री झोपेपर्यंतचा अख्खा दिवस होता. आधी उठणं, मग कपडे, स्वयंपाक, बाहेर जाणं, बस, बाजार, मध्येच आजारपण, मग टेलिफोन, शेवटी दिवे मालवणं. कागद मात्र त्यांनी आमच्या हातात दिला नाही. वही आणायलाही बंदी. "पहिले जिभेवर," ते म्हणाले, "अर्थ त्याच्या मागून येते."

मग वंदनेला बसलो होतो तसेच बसून, वंदना म्हणतो त्याच चालीनं आमचं इंग्रजी सुरू झालं. वंदनेत एकानं पुढे म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. आम्हाला लहानपणापासून पाठ करायची हीच एक तऱ्हा माहीत. सर म्हणायचे, "वेक अप." आम्ही बारा-तेरा बायका एका सुरात, "वेक अप." जाग येणे. "सिट अप." उठून बसणे. "गेट अप." अंथरूण सोडणे. "पुट ऑन." अंगात घालणे. मधे कोणी अडखळलं, की सगळ्यांनी परत वेक अपपासून. मधूनच प्रश्न विचारलेला किंवा उत्तर दिलेलं सरांना खपत नसे. ऐकायचं आणि म्हणायचं, बास.

ह्यानं झालं काय, की आमच्यापैकी कोणालाही चाळीसावा शब्द आधीचे एकोणचाळीस म्हटल्याशिवाय आठवेना. मी एकदा वैतागून म्हणाले, "सर, उद्या मी तिकडे दुकानात गेली, तर काय वेक अपपासून सुरू करू?"

"करजो," सर शांतपणे म्हणाले. "दुकानदार थांबन."

बायका फिदीफिदी हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली माझी जाऊ. ती मुळात मी जाते म्हणून यायला लागलेली. पण तिचं डोकं माझ्याहून तल्लख, अर्थ तिला चटकन लागायचा आणि ती तो मला घरी येताना परत समजावून सांगायची. धाकट्या जावेकडून शिकणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. दुसरी होती शेजारची मावशी. सत्तरी ओलांडलेली, अक्षरओळख नाही, पण विहारात तिच्या आवाजाला तोड नाही. महिन्याभरात तिला ऐंशीच्या ऐंशी शब्द पाठ झाले, एकाचाही अर्थ ठाऊक नसताना. जाऊ तिला अर्थ सांगायला गेली, की मावशी हात झटकायची. "मले अर्थाचं काय करायचं माय? मी कुठी चालली?"

थंडी सरेपर्यंत आमच्या घरात इंग्रजी चांगलंच बोकाळलं होतं. मिस्टर लाइनमन आहेत. खांबावरून उतरून घरी आले की दारातूनच ओरडायचे, "चहा वॉर्म अप करजो." मी मुलीशी बोलताना एखादी शेपटी टाकायची, ती टाळ्या वाजवायची. तरी घरमालकीण मागे दिसली की मी कॅमेऱ्यासमोरून उठून जायची. एकदा यस म्हणून तोंड पोळलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी मुलीचा मेसेज आला. "आई, बरं नाई वाटून राह्यलं. झोपतो थोडी." मी लगेच विचारलं, काय होतंय, ताप आहे का. त्याला दोन टिका आल्या, पण उत्तर आलं नाही. बुधवारी सकाळी पुन्हा विचारलं, तर एकच टिक. दुपारी फोन लावला, बंद. रात्री बंद. मिस्टर म्हणाले, "चार्जिंग संपली असन." हे त्यांनी बुधवारी चार वेळा म्हटलं. गुरुवारी सकाळी ते केळझरकडे लाइनच्या कामाला गेले आणि तिथून त्यांनीच दोनदा फोन करून विचारलं, "लागला का?" तेव्हा मला कळलं की चार्जिंगवर त्यांचाही विश्वास उरलेला नाही.

मला त्या दोन दिवसांबद्दल खोटं सांगायचं नाही. मी घाबरले होते. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना डोक्यात एकच चित्र होतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत पोरगी एकटी पडली आहे, हीटर कमी केलेला आहे, आणि तो माझ्या होकारानं कमी झालेला आहे.

मुलीच्या एका मैत्रिणीला मेसेज टाकला होता, ती दुसऱ्या शहरात, तिलाही काही ठाऊक नव्हतं. सरांनी फोन केला असता, पण ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला मुलाकडे गेलेले, त्यांचा फोन बंद. हायस्कूलच्या इंग्रजीच्या सरांना लावला, ते परीक्षेच्या खोलीत. उरला एक नंबर. तो मुलीनं जाताना स्वयंपाकघराच्या दारामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, घरमालकीण, अगदीच लागलं तर. त्या बाईंकडे मोबाइल नाही, घरात जुन्या पद्धतीचा तारेचा फोन आहे. मिस्टरांनी बाहेरदेशी बोलायचं रिचार्ज माझ्या मोबाइलवर केव्हाच मारून ठेवलेलं होतं.

दोन वाजता, म्हणजे तिकडे सकाळी साडेआठला, मी अंगणात बाजेवर बसले. एका बाजूला जाऊ, दुसऱ्या बाजूला मावशी. माझं बोट चुकीच्या आकड्यावर पडत होतं म्हणून नंबर जावेनं लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. मग खुट्ट झालं आणि म्हातारीचा आवाज आला.

"हॅलो?"

"हॅलो," मी म्हणाले.

"हू इज धिस?"

आता याचं उत्तर मला येत होतं. दहावीतल्या कोणालाही येईल. पण माझ्या कानावर शांत, सावकाश आवाजात इंग्रजी पडलं आणि तीन महिन्यांची सवय जिभेवर चढली. मी वंदनेच्या चालीत मागून म्हणाले, "हू इज धिस."

जावेनं मला चिमटा काढला. पलीकडची बाई गोंधळली. तिनं मला थोडं थांबायला सांगितलं, "होल्ड ऑन."

"होल्ड ऑन," मी म्हणाले.

झालं. तिला वाटलं, मीच तिला थांबायला सांगते आहे. ती थांबली. ती थांबली म्हणून आम्ही थांबलो. तिकडून तिचा श्वास ऐकू येत होता आणि कुठेतरी घड्याळाची टकटक. इकडे अंगणात कोंबड्या. सातासमुद्राच्या अल्याडपल्याडच्या दोन बायका एकमेकींचा मान राखून गप्प बसल्या होत्या.

"कटला का?" मावशीनं विचारलं.

तिच्या आवाजानं मी भानावर आले. मुलीचं नाव घेतलं आणि म्हणाले, "आय ॲम मदर. हाऊ इज शी?"

"ओ!" ती बाई म्हणाली, आणि मग जी सुटली ती सुटली. बांध फुटावा तसं इंग्रजी आलं. मी जमेल तेवढं मागून म्हणत गेले, आता मुद्दाम, कारण मी म्हटलेलं ऐकून जाऊ अर्थ लावत होती. फीवर कळलं. फोन कळलं. स्टेअर्स, म्हणजे जिने, हेही कळलं. शेवटी त्या बाईनं आवाज हळू करून दोन शब्द म्हटले आणि ती थांबली.

"पुलिंग थ्रू," मी म्हणाले, आणि जावेकडे पाहिलं.

जावेनं मान हलवली. हा ऐंशीत नव्हता. पुल म्हणजे ओढणे, ते वर्ध्याच्या बँकेच्या दारावर लिहिलेलं आहे. थ्रू म्हणजे आरपार. ताप, जिने आणि ओढणं. माझ्या पोरीला कोण ओढतंय आणि कशातून आरपार? मला प्रश्न विचारता येत होता, उत्तर कळत नव्हतं, आणि उत्तर कळत नाही हे सांगायलाही त्या क्षणी एक शब्द सापडेना. डोकं कोरं झालं होतं. कोऱ्या डोक्यात जे एक पाठ होतं तेच तोंडातून बाहेर आलं.

"वेक अप," मी म्हणाले.

"सॉरी?"

"माय डॉटर. वेक अप?"

ती बाई अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "यस, लव्ह. शी वोक अप."

ते लव्ह म्हणजे आपलं 'माय', हे मुलीनं नंतर सांगितलं; पण तिला जाग आली होती, हे तेव्हाच कळलं. मी जावेकडे पाहिलं, तिनं मान डोलावली. मला पुढचं म्हणायचं होतं ते मी विचार करून ठरवलं नाही. वेक अपच्या पुढे सिट अप येतं, म्हणून मी सिट अप म्हटलं.

"सिट अप?"

"यस. शी सॅट अप."

उठून बसली.

"गेट अप?"

"यस, लव्ह. शी गॉट अप." काल संध्याकाळी, असंही ती म्हणाली, ते मला कळलं.

अंथरूण सोडलं तिनं. काल संध्याकाळी. आणि मी काल संध्याकाळी इथे दिव्याजवळ बसून नाही नाही ते डोळ्यांसमोर आणत होते.

"पुट ऑन?"

ह्यावर ती बाई थोडी अडली. मग तिला काहीतरी उमगलं. "पुट ऑन? यस. शी पुट ऑन माय कार्डिगन."

"ताई, स्वेटर," जाऊ कुजबुजली. "आपल्या पोरीनं तिचा स्वेटर घातला. तो मरूनवाला."

तो मरून स्वेटर माझ्या डोळ्यांसमोर आला. पुढचा शब्द मला माहीत होता, पण तो बाहेर पडेना. बाजेवरून वाकून मावशीनं मोबाइलमध्ये तोंड घातलं आणि विहारात म्हणते त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "वॉर्म अप!"

पलीकडची बाई दचकली असणार. पण आता तिलाही आमचं तंत्र कळलं होतं. "यस! आय वॉर्म्ड अप सम सूप."

"ईट अप!" मावशी.

"शी एट इट ऑल अप!"

"सगळं संपवलं तिनं, ताई," जाऊ म्हणाली. "वाटीत काई ठेवलं नाई."

"गो आउट!"

"नो, नो, नॉट येट," ती बाई घाईघाईनं म्हणाली. अजून बाहेर जायचं नाही, फार थंडी आहे. तिच्या त्या नो नोमध्ये असा काही धाक होता, की माझी पोरगी दाराबाहेर पाऊल टाकायची नाही याची मला खात्री पटली. आणि मग तिनं आपण होऊन, आम्ही काही न विचारता, एक वाक्य सांगितलं. सावकाश सांगितलं.

"अँड आय टर्न्ड द हीटिंग अप."

जाऊ अर्थ सांगायला तोंड उघडणार तोच मी हात वर केला. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. डाउन नाही, अप. हीटर वाढवला तिनं. नोव्हेंबरात मी दिलेला होकार त्या बाईनं माझ्या वतीनं परत घेतला होता. माझा जीव भांड्यात पडला. पदर तोंडाला लावून मी रडले, आणि मावशीला वाटलं काही वाईट कळलं. ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "काऊन रडून राह्यली व? बाई तं यस यस म्हनून राह्यली."

तेवढ्यात तिकडे लाकडी जिन्यावर पावलं वाजली. म्हातारी म्हणाली, "शी इज कमिंग डाउन," आणि मला ते वेक अपपासून म्हणावं लागलं नाही, एकदम कळलं. जिना उतरत होती ती. मी मनात एकेक पायरी मोजली. मग फोन हातातून हातात गेला.

"आई?"

आवाज बसलेला, पण तिचाच.

"जेवली का?" मी विचारलं.

"आई, इथं सकाळचे साडेआठ वाजले."

मग सगळं कळलं. तापानं फणफणली होती. मंगळवारी रात्री पाणी प्यायला उठली, जिन्यात चक्कर आली, ती कठड्याला धरून बसली पण मोबाइल हातातून सुटून खालपर्यंत गडगडत गेला आणि फुटला. म्हातारी आवाजानं जागी झाली आणि तेव्हापासून तिच्या उशाशी होती. डॉक्टरांना तिनंच फोन केला, कामावर तिनंच कळवलं.

"अन् मले काऊन नाई कळवलं?"

"तुहा नंबर मोबाइलात. मोबाइल फुटला. आई, मले तुमचा कोनाचाच नंबर पाठ नाई. कालपासून आठवून राह्यली. शेवटचे चार आकडे येत होते फक्त."

इथे माझी भीती संपली आणि राग सुरू झाला. दोन दिवसांचा राग होता, व्याजासकट निघाला. सगळ्या हाडांची नावं पाठ करून नर्स झालेल्या पोरीला आईचा नंबर पाठ नसावा? "सरळ उभी राह्य," मी म्हणाले, तापातल्या पोरीला. "मी म्हनतो ते माह्या मागून म्हन."

मी पहिला आकडा म्हटला. तिनं म्हटला. दुसरा म्हटला. दहाच्या दहा आकडे, वंदनेच्या चालीत. चुकली की पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला माझ्या बाजूनं जाऊ आणि मावशीही म्हणू लागल्या. तिसऱ्या खेपेला तिकडून आणखी एक आवाज आला, मुलीच्या मागून, जुना, कापरा, मराठी आकडे जसे ऐकू येतील तसे म्हणणारा. म्हातारी आमच्या मागून म्हणत होती.

फोन ठेवल्यावर मी मिस्टरांना लावला. ते खांबावर होते. मी आधी बरी आहे म्हणाले, मग खाली उतरा म्हणाले, मग बाकीचं सांगितलं. त्यांनी नुसता हूं केला. पण संध्याकाळी येताना केळझरच्या बाजारातून वांगी घेऊन आले, आणि वांग्याची भाजी आमच्या घरात मुलगीच आवडीनं खाते. कोण खाणार आता, असं मी विचारलं नाही. चुलीवर चढवली आणि आम्ही दोघांनी ती पोटभर खाल्ली. दोन दिवसांत धड जेवलो नव्हतो.

सर डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आले तेव्हा मी पहिलं काय केलं असेल, तर पुलिंग थ्रूचा अर्थ विचारला. "आजारातून बाहेर निघनं," ते म्हणाले. म्हणजे त्या बाईनं पहिल्याच दमात मला सांगितलं होतं, की पोरगी यातून निघते आहे. आरपार ओढणारी तीच होती, वाटीभर सूप आणि तो मरून स्वेटर घेऊन. सरांनी पट्टीखालून चाचपडत तो शब्द कागदाच्या तळाशी लिहिला, एक्याऐंशीवा. आजारपणाच्या शब्दांत घाला म्हटलं, तर म्हणाले, "मधे घातला तं मावशीची चाल तुटते."

नवा मोबाइल आल्यावर मुलीनं पहिला व्हिडिओ कॉल केला. चेहरा उतरलेला होता, पण गालांवर रंग आलेला. बोलता बोलता घरमालकीण मागे येऊन उभी राहिली. ह्या वेळी मी उठून गेले नाही. मुलगी म्हणाली, "आई, थांब, त्यायले तुले काईतरी म्हनायचं आहे. त्या दिवसापासून रोज मी कामावरून आली का दारातच मले म्हनतात."

म्हातारीनं स्वेटरची वरची बटणं लावली, घसा साफ केला, आणि मोबाइलच्या अगदी जवळ येऊन एकेक अक्षर सांभाळत मला विचारलं, "जेवली का?"

आणि मी, बावीस वर्षं पुढे म्हणणारी बाई, उत्तर द्यायचं विसरून तिच्या मागून म्हणाले, "जेवली का."